न हलणारा आकडा

पूरनियंत्रण कचेरीत त्याला सगळे वायरमन म्हणत. कागदोपत्री आता तो नेटवर्क सांभाळणारा होता, त्याला टेबल होतं, फिरती खुर्ची होती. पण माणूस पहिल्या दिवशी ज्या नावाने आत येतो ते नाव त्याला चिकटतं ते चिकटतंच. उमेदीची सगळी वर्षं त्याने खांबांवर चढून तारा ओढल्या होत्या. मग ज्या इंजिनियर बाईंनी कचेरीचं नेटवर्क उभं केलं होतं त्या मोठी नोकरी धरून निघून गेल्या, आणि साहेबांनी चार दिवस इकडेतिकडे पाहून शेवटी त्याला बोलावलं. तारा तुला कळतात, हेही तारांचंच काम आहे, असं म्हणून त्यांनी सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. वायरमनचे गुडघे तोवर बोलायला लागले होते. नाही म्हणायला त्याची जीभ वळली नाही.

कचेरी टेकडीवर होती. नियंत्रण कक्ष तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्या खिडकीतून नदी दिसत नसे, दिसत ती साहेबलोकांची वाहनं. नदी दिसायची ती स्क्रीनवर, एका आकड्याच्या रूपात. वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं काठाकाठाने बसवलेली होती. मध्ये बंधारा होता, त्याचे दरवाजे उघडले की जादा पाणी बाजूच्या कालव्यात जाई. आणि खाली, शहराच्या सखल वस्तीत, खांबांवर भोंगे होते. मापकं, दरवाजे, भोंगे, या सगळ्यांशी एकच मुख्य कॉम्प्युटर बोलायचा. मापकांना तो दर थोड्या वेळाने पाणी किती ते विचारायचा आणि मिळालेलं उत्तर स्क्रीनवर मांडायचा.

अशा प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. आणि पत्त्याच्या जोडीला आणखी एक आकडा भरावा लागतो, त्याला मास्क म्हणतात. तो कशासाठी भरायचा हे वायरमनला ठाऊक नव्हतं. तीन वेळा दोनशे पंचावन्न आणि शेवटी शून्य, एवढं त्याला पाठ होतं, आणि जे यंत्र नवं येई त्याला तो सरसकट तेवढंच भरून मोकळा होई. दोन वर्षांपूर्वी मुख्य कॉम्प्युटर जळाला आणि नवा आला तेव्हाही त्याने तेच भरलं. स्क्रीनवर नदीचा आकडा उमटला, साहेबांनी मान डोलावली, विषय संपला.

दिवा लागला म्हणजे जोडणी बरोबर, असं तारांच्या कामात लोक म्हणतात. खरं तर तिथेही ते पुरतं खरं नसतं. बटण चुकीच्या तारेवर बसवलं तरी दिवा लागतो, विझतो, वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. मग एक दिवस कोणीतरी बटण बंद करून, निर्धास्तपणे, होल्डरला हात लावतो. वायरमनने असा एक माणूस खांद्यावरून खाली आणला होता. पण ते तारांचं झालं. इथे सगळं स्वच्छ, थंड खोलीत होतं, आणि इथे कोणी चिकटत नाही असं त्याला वाटायचं.

त्या वर्षी साहेबांनी फर्मान काढलं की नेटवर्कवर काम करायचं तर परीक्षा द्यावी लागेल. वायरमनने एक जाडजूड पुस्तक आणलं आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते उघडून बसू लागला. समोर त्याची बायको शिवणयंत्रावर असायची. ती गल्लीतल्या लोकांचे कपडे शिवायची आणि तिच्या कात्रीला नवऱ्यापेक्षा जास्त मान होता. कमीजास्त लांबीच्या मास्कवर येऊन पुस्तक अडलं. तीच पानं तो पुन्हा पुन्हा उलटू लागला.

"पान फाटेल आता," बायको म्हणाली. "काय अडलंय ते मला तरी सांगा."

त्याने सांगितलं. समजा दोनशे छप्पन्न पत्ते आहेत. एका जागी शंभर यंत्रं आहेत, दुसऱ्या जागी पन्नास, तिसरीकडे पंचवीस, चौथीकडे दहा, आणि दोन राऊटरांना जोडणाऱ्या तारेवर तर दोनच टोकं. राऊटर म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जायचं दार. सगळ्यांना सारखेच वाटे दिले तर शंभरवाल्याला पुरत नाहीत आणि दोनवाल्याकडे पडून राहतात. मग वाटायचे कसे?

बायकोने दाताने दोरा तोडला. "कापड एकच आहे ना? मग आधी पाठ आणि पुढचे भाग कापून घ्यायचे, मग बाह्या, मग कॉलर. बारके तुकडे आधी कापत सुटलात तर मोठ्याला सलग कापड राहत नाही."

"पण इथे हवं तिथून कापता येत नाही. दरवेळी अर्धंच. मग अर्ध्याचं अर्धं."

"म्हणजे घडी घालून कापायचं. शंभरवाल्याला निम्मं द्या. उरलेल्यातलं निम्मं पन्नासवाल्याला. तसंच खाली." ती थोडा वेळ यंत्र चालवत राहिली, मग थांबली. "पण प्रत्येक तुकड्याला कसं कळणार, आपली कड कुठे संपते ते?"

"त्यासाठीच मास्क असतो," वायरमन म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. मास्क म्हणजे यंत्राला सांगितलेली कड. समोरचा पत्ता कडेच्या आत असेल तर तो आपल्याच घरातला, त्याला थेट हाक मारायची. बाहेरचा असेल तर निरोप राऊटरकडे, म्हणजे दाराकडे द्यायचा, तो पुढे नेईल. म्हणून मोठ्या वाट्याचा मास्क वेगळा, लहान वाट्याचा वेगळा. इतकी वर्षं तो सगळ्यांना एकच कड वाटत आला होता.

त्या रात्री तो कधी नव्हे इतका गाढ झोपला. डोंगरात पाऊस लागला होता, पण तो दूर होता, इकडे पानही हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराची माणसं आली. नदीकाठच्या सगळ्या कचेऱ्यांमधले जुने राऊटर काढून नवे बसवायचं काम त्यांना मिळालं होतं आणि सुरुवात याच कचेरीपासून होती. जुना धुळकट डबा त्यांनी काढला, नवा लावला. स्वतःच्या लॅपटॉपवरून मापकाला, दरवाज्याला, भोंग्याला हाक मारून पाहिली, सगळीकडून उत्तर आलं. सह्या झाल्या, चहा झाला, ती माणसं गेली.

ऑपरेटर बाई स्क्रीनसमोर बसल्या होत्या. डोंगरात रात्रभर कोसळल्याची बातमी त्यांनीच साहेबांना दिली आणि आकडा अजून हललेला नाही हेही सांगितलं. तिकडचं पाणी इकडे यायला वेळ लागतो, साहेब म्हणाले. लक्ष ठेवा. त्या डोळ्यांत तेल घालून बघत राहिल्या. आकड्याच्या शेजारी एक बारीक ठिपका असायचा, एरवी हिरवा. तो आता राखाडी होता. त्या ठिपक्याचा अर्थ त्यांना कधी कोणी सांगितला नव्हता.

वायरमन आपल्या टेबलावर, कालच्या शहाणपणाच्या आनंदात, इंजिनियर बाईंनी मागे ठेवलेला पत्त्यांचा नकाशा बघत होता. किती नीट काम होतं ते. कक्षाला निम्मे पत्ते, उरलेल्यातले निम्मे मापकांना, मग दरवाज्यांना, मग भोंग्यांना, आणि टोकाला राऊटरांच्या तारांसाठी चार-चारांचे छोटे तुकडे. त्याने मुख्य कॉम्प्युटरचा मास्क उघडून पाहिला. तीन वेळा दोनशे पंचावन्न, शेवटी शून्य. म्हणजे या कॉम्प्युटरची कड अर्ध्यावर नव्हती, पार शेवटपर्यंत होती. त्याच्या लेखी डोंगरातली मापकंही याच खोलीत होती आणि वस्तीतले भोंगेही.

मग हा मापकांना खोलीतच हाका मारत बसेल, वायरमनच्या मनात आलं. दाराकडे जाणारच नाही.

पण तसं असतं तर गेली दोन वर्षं आकडा आला कुठून? यंत्र तर चालत होतं. पुस्तकात एक असतं आणि कामात एक, असा त्याने मनाशी निवाडा केला. संध्याकाळी कोणाला तरी विचारू, असं ठरवून त्याने स्क्रीनवरची ती चौकट बंद केली. बाहेर ऊन होतं, पण उत्तरेकडचं आभाळ जुन्या पत्र्यासारखं दिसत होतं.

दुपारी त्याच्या मोठ्या मेव्हणीचा फोन आला. ती सखल वस्तीत राहायची. खाली नवऱ्याचं गॅरेज, वर दोन खोल्या. वायरमनचं आपल्या साडूशी सख्ख्या भावासारखं होतं, दोघांचे हात सारखेच काळे, आणि सासुरवाडीत दोघांचीही सारखीच थट्टा व्हायची.

"भाऊजी, पाणी खालच्या पुलाच्या कमानीला टेकलंय," ती म्हणाली. "रंगही वेगळाच दिसतोय. यांनी इंजिनं वर घ्यायला काढलीत. आम्ही निघावं का?"

वायरमनने मान वळवून स्क्रीन पाहिली.

"नाही ताई. आकडा सकाळी होता तिथेच आहे. काही असतं तर आधी इथे कळलं असतं. भोंगा वाजलेला नाही ना? मग निवांत बसा."

"बघा हं. तुमच्या भरवशावर यांना परत कामाला लावते."

ती हसली, आणि तिने फोन ठेवला.

वायरमनने फोन ठेवला, पण त्याची नजर स्क्रीनवरून निघेना. आकडा सकाळचाच होता. दशांशाच्या पुढचा आकडासुद्धा. त्याने आयुष्यभर त्या नदीच्या काठाने तारा ओढल्या होत्या. उन्हाळ्यातही ती अशी एका जागी उभी राहत नसे, वाऱ्याने का होईना, केसभर वरखाली होई. हा आकडा मेल्यासारखा पडला होता. त्याने ऑपरेटर बाईंना विचारलं की हा शेवटचा कधी हलला. त्यांनी आठवून सांगितलं, राऊटरवाले आले तेव्हा हलत होता बहुतेक.

त्याने ठेकेदाराच्या माणसाला फोन लावला आणि एकच गोष्ट विचारली, जुना राऊटर काय करत होता जे नवा करत नाही.

तो माणूस जेवत होता. त्याने घास गिळून सांगितलं की जुने राऊटर जरा मऊ असतात. खोलीत कोणी बाहेरच्या यंत्राला हाक मारली तर ते मधेच पडून ओ देतात, तो मीच समज, दे इकडे, मी पोचवतो. नव्यात ती सोय सुरक्षेसाठी बंद ठेवतात. "पण मास्क बरोबर असले तर त्याने काही फरक पडत नाही," तो म्हणाला.

म्हणजे दोन वर्षं तो धुळकट डबा वायरमनची चूक गुपचूप निस्तरत आला होता. आज सकाळपासून मुख्य कॉम्प्युटर भरल्या खोलीत मापकांना हाका मारत होता, कोणी ओ देत नव्हतं, आणि शेवटचं मिळालेलं उत्तर तो स्क्रीनवर तसंच धरून बसला होता.

बदलायचा होता एक आकडा. शून्याच्या जागी एकशे अठ्ठावीस, म्हणजे कड अर्ध्यावर. वायरमन दोनदा चुकला. मग त्याने बटण दाबलं. राखाडी ठिपका हिरवा झाला आणि नदी उडी मारून स्क्रीनवर आली. ऑपरेटर बाई खुर्ची मागे ढकलून उभ्याच राहिल्या. तो आकडा धोक्याच्या रेषेच्या इतका वर होता की रंग बदलायलाही स्क्रीनला क्षणभर लागला. साहेब धावत आले. दरवाजे उघडायची आज्ञा गेली. भोंगे वाजले, टेकडीवरही अंधूक ऐकू आले.

वायरमनने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

बंधाऱ्याचे दरवाजे उघडेपर्यंत मोठी लाट खाली निघून गेली होती. भोंगा ऐकून वस्तीतले बहुतेक लोक घराबाहेर पडले, पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळी चढाकडे धावली. मेव्हणी शेजारणीच्या आईला हात देत वर पोचली. साडू मात्र बायकोचा निरोप ऐकून पुन्हा कामाला लागला होता. गाडीखालचं काम होतं, तो गॅरेजातल्या खड्ड्यात उतरलेला होता आणि डोक्यावर गाडी होती. पाणी मागच्या गटारातून आलं आणि सगळ्यात आधी तो खड्डाच भरला. पाणी ओसरल्यावर तो सापडला.

चौकशी झाली. वायरमनने समितीपुढे आडपडदा ठेवला नाही, मास्क मी भरला होता, मला अर्थ कळत नव्हता, असं सरळ सांगितलं. समितीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अहवालात तांत्रिक बिघाड असं आलं, त्याला ताकीद मिळाली. साहेब म्हणाले, वाचलास. तो शब्द त्याच्या कानात कितीतरी दिवस राहिला.

मेव्हणी त्यांच्याकडे राहायला आली. घर तीन माणसांचं झालं आणि पूर्वीपेक्षा शांत झालं. दोघी बहिणी आपसात हळू बोलत आणि तो आत आला की थांबत. बायको त्याला दोष देत नव्हती, ती त्याला काहीच देत नव्हती, ताटाखेरीज. शिवणयंत्रावर कापड टाकून ठेवलेलं होतं. फोनवर आपण काय बोललो ते बायकोला माहीत आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता.

असे पुष्कळ दिवस गेले. मग एका दुपारी, बायको बाहेर गेलेली असताना, मेव्हणी त्याच्यासमोर येऊन बसली.

"भाऊजी, मला समजावून सांगा. काय झालं होतं ते."

"ताई, माझी चूक—"

"ते मला माहितेय. मला चूक नकोय. काय झालं ते हवंय."

त्याने टेबलावर बोटाने रेघ ओढली. ही खोली. ही तिची कड. पलीकडे मापकं, त्याच्या पलीकडे तुमची वस्ती. कडेबाहेर निरोप द्यायचा तर दाराकडे द्यावा लागतो. मी कॉम्प्युटरला कड सांगितली ती इथे नाही, तिथे, पार टोकाला. जुना राऊटर दाराशी उभा राहून सांभाळून घेत होता. तो गेला. मेव्हणीची नजर त्याच्या बोटावर होती. तो थांबल्यावर तिने तीच रेघ आपल्या बोटाने ओढली.

"म्हणजे त्याला वाटत होतं, सगळी माणसं याच खोलीत आहेत."

"हो."

"आणि कोणी ओ दिली नाही, तरी त्याला भीती वाटली नाही."

"नाही वाटत, ताई. ते यंत्र आहे."

"तुम्हाला वाटली होती का? माझा फोन यायच्या आधी?"

वायरमनला खोटं बोलता आलं असतं. "शंका आली होती," तो म्हणाला. "चालतंय म्हणजे बरोबर असेल, असं म्हणून मी ती बाजूला ठेवली."

ती उठली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. शेवटी तिने विचारलं, "असे कॉम्प्युटर आणखी कुठे आहेत?"

तेव्हा त्याला आठवलं. नदीकाठच्या बाकी कचेऱ्यांनाही त्याच सुमारास नवे कॉम्प्युटर आले होते. तिथल्या लोकांनी त्यालाच फोन करून विचारलं होतं की मास्कमध्ये काय भरायचं. त्याने अभिमानाने सांगितलं होतं. तीन वेळा दोनशे पंचावन्न, शेवटी शून्य.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो बस धरून वरच्या कचेरीला गेला. ही कचेरी नदीला लागूनच होती, भिंतींना ओल, जिन्यावर शेवाळाचा वास. स्क्रीनवरचा आकडा हलत होता, शेजारी हिरवा ठिपका होता. तिथला ऑपरेटर, एक गोल चेहऱ्याचा आनंदी माणूस, म्हणाला की आमचं कधी बंद पडलंच नाही, तुमच्यासारखं आमच्याकडे काही होत नाही. वायरमनने मास्क उघडायला लावला. तोच होता. मग त्याने राऊटर कुठे आहे विचारलं. कोपऱ्यात जुना धुळकट डबा होता, दिवे लुकलुकत होते. आणि त्याच्या खाली, भिंतीला टेकवून, नवा राऊटर खोक्यात बंद होता. ठेकेदाराची माणसं उद्या येणार होती.

वायरमनने तिथल्या साहेबांना सांगितलं की मास्क आत्ता बदला. साहेब म्हणाले, चालू यंत्राला हात लावायचा नियम नाही, वरून आदेश आणा. त्याने पुन्हा समजावलं. साहेब चांगला माणूस होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाला, पण चालतंय ना?

वायरमन खोक्याजवळ गेला आणि जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"माझा साडू गेला, साहेब. चालत होतं म्हणून गेला. आदेश येईपर्यंत मी इथून उठत नाही. तुम्ही शिपायाला बोलवा हवं तर."

कोणी कोणाला बोलावलं नाही. ऑपरेटरने त्याच्यापुढे पाणी ठेवलं. साहेब आत जाऊन फोनवर बोलत राहिले, आवाज चढला, उतरला. खिडकीबाहेर नदी गढूळ, भरलेली, काठ चाटत चालली होती. दिवस कलायला लागला तेव्हा साहेब बाहेर आले आणि त्यांनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढून दिली.

वायरमनने शून्य खोडून एकशे अठ्ठावीस भरलं. बटण दाबलं. स्क्रीनवर काहीच झालं नाही. आकडा होता तसाच हलत राहिला, ठिपका होता तसाच हिरवा राहिला.

ऑपरेटरने वाकून पाहिलं. "मग फरक काय पडला?"

"काही नाही," वायरमन म्हणाला. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि उठला. पुढच्या कचेरीला जाणारी बस कुठून सुटते, ते त्याने विचारलं.